वायव्य कोपऱ्यातली चीर

१२ जून १९९५, सोमवार, लातूर

आजपासून क्लासवर रुजू. औसा रोडला हार्डवेअरच्या दुकानावर पत्र्याचे दोन हॉल. एका हॉलमध्ये चौऱ्याऐंशी मुलं, चार पंखे, त्यातले तीन चालू. मला भूमितीसाठी घेतलं होतं. सकाळी नरसिंग सरांनी (क्लास त्यांचाच) सांगितलं की मराठीचे सर शनिवारी समोरच्या क्लासमध्ये गेले आणि जाताना नोट्सही घेऊन गेले.

"दहावीला मराठीत किती होते तुम्हाला?"

"अठ्ठ्याहत्तर."

"बास की मग. भूमिती सकाळी, मराठी दुपारी."

माझी सिव्हिलची पदविका आहे. मराठीतून शिकले, एवढीच पात्रता. संध्याकाळी बानो खालाला सांगितलं. मी तिच्याकडेच राहते. "इंजिनियरीन बाई अब कविता पढाएगी," म्हणाली आणि न विचारता ताटात आणखी एक पोळी टाकली. नांदेडला अब्बांना फोन केला. त्यांनी क्लासबद्दल काही विचारलं नाही. ऑर्डर आली का, एवढंच विचारलं. सरकारी कनिष्ठ अभियंत्यांच्या यादीत माझं नाव आहे. नेमणूक दिवाळीपर्यंत होईल असं म्हणतात.

भूकंपानंतर घरपाहणीचं कंत्राटी काम मी अकरा महिने केलं. मग मुदत संपली. मुदतवाढ मिळत होती, मी अर्ज केला नाही. कारण लिहिण्यासारखं नाही.

मराठी शिकवायचं तर रोज थोडं मराठी लिहावं, म्हणून ही वही.

१९ जून, सोमवार

मुलं सगळं लिहून घेतात. आज "खिडकी उघडा" म्हटलं तर मागून एकाने विचारलं, "मॅडम, हे लिव्हायचं का?" वर्ग हसला. विचारणारा हरिओम, उदगीरचा. गुणांत मध्यम, तोंडाने पहिला.

धड्याखालचे प्रश्न विचारले. सर्वांची उत्तरं शब्दशः सारखी, कारण सर्वांचं गाईड एकच. उत्तर बरोबर होतं. धडा मात्र पन्नास जणांनी वाचलेलाच नव्हता. हात वर करून घेतले आणि मोजले.

तिसऱ्या बाकावरची तनुजा काहीच लिहीत नाही. नुसती बघत बसते.

२३ जून, शुक्रवार

खालाची मुलगी जिक्रा बी.एड. करते. तिने एका कार्यशाळेची चक्रमुद्रित टिपणं दिली. विषय, भाषा शिकवताना प्रोक्ती-विश्लेषण. शब्द जड आहे, काम सोपं. कुठलाही मजकूर घ्यायचा आणि विचारायचं: कोण बोलतंय, कोणाशी, कशासाठी, आणि काय सांगायचं टाळतंय. कविता असो की बसचं तिकीट. मला हे पटलं. इमारतीच्या तपासणीलाही आपण हेच करतो. भार कुठून येतो, कशावर जातो, आणि जिथे आधार हवा तिथे तो आहे का.

समोरच्या क्लासची जाहिरात फळ्याला चिकटवली. "आमचे नऊ विद्यार्थी नव्वद टक्क्यांच्या वर!" चार प्रश्न लिहिले. दहा मिनिटं वह्या चाळल्या गेल्या. मुलांना वाटलं, याचं उत्तर कुठल्या गाईडात असेल.

मग हरिओम म्हणाला, "किती जणांतले नऊ, हे सांगंनाच गेलेत की."

त्यानंतर थांबवणं कठीण गेलं. शेवटी कोणीतरी आपल्याच क्लासची जाहिरात पुढे पाठवली. तिच्यावरही तेच निघालं. दारात नरसिंग सर उभे होते. किती वेळापासून, कल्पना नाही.

२४ जून, शनिवार

सरांनी बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "शेख मॅडम, पालक गुणांसाठी फी भरतात. वाचणारी पोरं कुणी मागितली नाहीत माझ्याकडं." ऑगस्टच्या चाचणीत मराठीची सरासरी घसरली तर गाईड सुरू करायचं, असं ठरलं. अट स्पष्ट आहे. मी मान्य केली.

४ जुलै, मंगळवार

तनुजा नोट्स का काढत नाही, हे तास संपल्यावर विचारलं. म्हणाली, वही घरी नेली की भिजते. घर उभं आहे, पण ते लोक घरात राहत नाहीत. पावणेदोन वर्षं घरासमोर पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. भूकंपात आजी घरातच वारली, तेव्हापासून आईने दाराला कुलूप घातलंय. पाहणीच्या कागदावर "राहण्यास योग्य" लिहिलं आहे, म्हणून दुरुस्तीचं सामान मिळालं नाही.

"आता व्यंकटकाका म्हणायलेत, कागदावर योग्य हाय तर पोळ्याला आत जायचं. शेड गळायलंय. बारकी दोघं आजारी पडायलीत."

फेरतपासणी मागता येते. शेवटची तारीख ३१ ऑगस्ट. पण पहिला अहवाल चुकीचा का, याचं लेखी कारण द्यावं लागतं. ते त्यांच्याकडे नाही.

गावाचं नाव सावरतळा, तालुका औसा. मी नोंद करून ठेवली. ती अजून काही बोलेल असं वाटलं, पण बसची वेळ झाली होती.

१० जुलै, सोमवार

घरात असलेला कुठलाही छापील किंवा भरलेला कागद आणा, असं शनिवारी सांगितलं होतं. एकूण एकसष्ट कागद आले. रेशनकार्डं, लग्नपत्रिका, बियाण्याच्या पिशव्या, एक फाटकं लायसन. आणि घरपाहणीचे पाच पंचनामे, दोन गावांतले.

पंचनामे मी बाजूला ठेवले. म्हणाले, हा वर्गाचा विषय नाही.

तनुजा उभी राहिली. "का बरं मॅडम? ह्यातबी कोणतरी कोणाशी बोलायलंच की."

 पाचही कागद फळ्याला ओळीने लावले. मुलं वाचायला लागली. पाचव्या मिनिटाला हरिओमने बोट ठेवलं.

"मॅडम, हितं बघा. 'वायव्य कोपऱ्यात किरकोळ चीर.' हितंबी तेच. हितंबी. पाचच्या पाच घरांना एकाच कोपऱ्यात चीर?"

मागून कोणीतरी म्हणालं, "एकच भिंत गावोगाव फिरायली आसंल."

वर्ग खूप हसला. तनुजा हसली नाही. मी वेळ संपली म्हणाले. सात मिनिटं शिल्लक होती.

पाचपैकी तीन कागदांखाली सही स. गु. शेख. अक्षर लहान आहे, मुलांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. तनुजाच्या घरचा कागद त्या तीनांत आहे. तिने तो योगायोगाने आणला असणार. हातात आला तो कागद आणला असेल.

११ जुलै, मंगळवार

नोंद करणं आवश्यक आहे, म्हणून क्रमाने लिहिते.

जानेवारी १९९४ मध्ये आम्हा कंत्राटी लोकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. फळ्यावर एक भरलेला पंचनामा लिहून दाखवला. "वायव्य कोपऱ्यात किरकोळ चीर. घर राहण्यास योग्य." तो नमुना होता. आम्ही सगळ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला. मुलं गाईड उतरवतात तसा.

८ फेब्रुवारीला मी सावरतळ्यात एकतीस घरं केली. एकतीस हा आकडा त्या दिवशी चांगला समजला गेला. माझं क्षेत्र-पुस्तक अजून माझ्याकडे आहे. आज ट्रंकेतून काढलं. त्यात एकोणीस घरांचे आराखडे आहेत. उरलेल्या बारा घरांना कुलपं होती. त्या घरांत माणसं दगावली होती आणि घरचे लोक दार उघडायला तयार नव्हते. दुखवट्याच्या घराचं कुलूप काढा असं म्हणणं मला जमलं नाही. ते लोक मारुतीच्या पारावर आले, मी टेबलाशी बसून विचारलं, त्यांनी सांगितलं, मी नमुना लिहिला. बारा वेळा.

बाहेरून भिंती सरळ दिसत होत्या. हे मी स्वतःला तेव्हाही सांगितलं होतं.

कंत्राटाची मुदतवाढ का घेतली नाही, याच्याशी याचा संबंध असेलच असं नाही.

१३ जुलै, गुरुवार

वर्गात तोच धागा पुढे नेणं भाग होतं. पंचनाम्याचा कोरा नमुना फळ्यावर काढला. काय सांगायचं टाळतो, हा चौथा प्रश्न विचारला. मुलांनी बरंच काढलं. घरात माणसं किती, हे नाही. घरमालकाचं म्हणणं लिहायला जागा नाही. मी भर घातली की यात "पाहिलं नाही" असं लिहायलाही रकाना नाही. म्हणजे ज्याने पाहिलं नाही त्यालाही काहीतरी पाहिल्याचं लिहावं लागतं.

मला वाटलं, मुद्दा चांगला मांडला.

तनुजा बसल्या जागेवरून म्हणाली, "समासात जागा होती, मॅडम."



२३ जुलै, रविवार

सावरतळ्याला गेले. औशापर्यंत एसटी, पुढे जीप. तनुजाला आधी सांगितलं नव्हतं. तरी ती फाट्यावर उभी होती. म्हणाली, सहज आले.

शेड दहा बाय बारा. जमीन ओली. तिची आई शिवगंगा चहा ठेवत होती. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुमीच व्हता ना त्या. टेबलावरच्या."

मी हो म्हणाले.

तिने चहा कपांत गाळला. मग म्हणाली, "मी कुलूप काढलं न्हाई तवा. सासूबाईला आतूनच काढलं व्हतं, पुन्ना दार उघडावं वाटंना. म्हणून तसं लिव्हलं का?"

"नाही," मी म्हणाले. 

तिने पोलक्यातून किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं, रॉकेल घालावं लागलं. आत मी आणि तनुजा गेलो. शिवगंगाबाई उंबऱ्यापर्यंत आल्या.

मोजमाप: दगडमातीची भिंत, जाडी पंचाहत्तर सेंटिमीटर. दक्षिणेकडे पोट सुटलेलं, अकरा सेंटिमीटर. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांपासून सुटलेत, मध्ये माझा हात मनगटापर्यंत गेला. माळवदाचा, म्हणजे वरच्या मातीच्या छताचा, भार दोन खांबांवर. त्यातल्या एकाखालची शिळा सरकलेली. पावसाने वरची माती भिजून आणखी जड झाली आहे. वायव्य कोपरा मात्र ठणठणीत. तिथे चीर नाहीच.

हे घर राहण्यास योग्य नाही. पोळ्याला चौतीस दिवस आहेत.

बाहेर आल्यावर शिवगंगाबाई डोळे पुसत होत्या. बहुधा रॉकेलच्या वासाने.

३० जुलै, रविवार, नांदेड

मी न पाहता लिहिलं असं लेखी दिलं, तर तेच फेरतपासणीचं कारण होईल. बाराही घरांना. ते अब्बांना समोर बसून सांगायचं होतं, म्हणून आले.

अब्बा घड्याळं दुरुस्त करतात; त्यांनी डोळ्याचं भिंग न काढता ऐकलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "पहले ऑर्डर हाथ में आने दे. फिर जितना सच बोलना है, बोल."

मी म्हटलं, ऑर्डर दिवाळीला आणि पोळा ऑगस्टात.

"यादी से नाम गया तो?"

"तो गया."

ते पुन्हा घड्याळाकडे वळले. मला नोकरीला लावण्यासाठी त्यांनी काय काय केलंय, त्याची मला पूर्ण माहिती आहे. त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. निघताना बसस्टँडवर सोडायला आले. सहसा येत नाहीत. बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. 

२ ऑगस्ट, बुधवार

निवेदनाचा मसुदा केला. चार ओळी. मजकूर बरा उतरलाय असं वाटतं. तपासून घेण्यासाठी नाव-गाव काढून वर्गात अपरिचित उतारा म्हणून देणार आहे.

३ ऑगस्ट, गुरुवार

फळ्यावर लिहिला: "सदर पाहणीच्या वेळी परिस्थिती अपवादात्मक असल्याने काही नोंदींमध्ये त्रुटी राहून गेल्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी योग्य ती फेरतपासणी व्हावी."

मुलांना आता सवय झाली आहे. प्रश्न मी लिहायच्या आधीच सुरू झाले.

"किती नोंदी? काही म्हंजे?"

"परिस्थितीनं चूक केली म्हणायलाय ह्यो."

हरिओम म्हणाला, "ह्यो माणूस लई हुशार हाय, मॅडम. कबूल तर करायलाय, पण घावत न्हाई." आणि हसला. मग माझ्याकडे बघून हसणं आवरतं घेतलं. त्याला काय वाटलं कोण जाणे. मी खडूकडे बघत होते.

मी विचारलं, कसं लिहायला हवं होतं.

तनुजा फळ्यापाशी आली. परवानगी विचारली नाही. म्हणाली, "ज्यांची घरं हायत त्यांची नावं कुठायत ह्यात? त्यांना हे वाचून दाखवलं तर त्यांना कळंल का, की त्यांच्या घराबद्दल चाललंय?" आणि खडू माझ्या हातात दिला.

मी वर्गासमोर पुसलं आणि लिहिलं: "ही बारा घरं मी आतून पाहिली नाहीत. न पाहता योग्य लिहिलं." पुढे घरक्रमांक आणि नावं. ती मला पाठ होती. शेवटी सही केली, पंचनाम्यांखाली आहे तीच.

चौऱ्याऐंशी मुलं. सगळी वाचत होती. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "आता कळायलंय, मॅडम." उतारा समजला, असा अर्थ असावा.

७ ऑगस्ट, सोमवार

घरपाहणीच्या कार्यालयात निवेदन दिलं. आवक क्रमांक घेतला. कारकुनाने दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाई, हे तुम्हीच दिलंय ना? तुमच्याच विरोधात?" हो म्हणाले. त्याने चहा मागवला. मी घेत नाही म्हटलं तरी मागवला.

एक प्रत तनुजाकडे दिली.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

चाचणी झाली. मराठीची सरासरी जूनच्या सराव परीक्षेत ६१.४ होती, आता ६२.९. फरक नगण्य, नरसिंग सरांना तसंच सांगितलं. अपरिचित उताऱ्यात मात्र दहापैकी ४.१ वरून ६.८. त्यांनी तो आकडा वेगळ्या कागदावर लिहून घेतला.

कार्यालयाकडून मला खुलासा मागणारं पत्र आलं. खुलासा एका ओळीत दिला. यादीचं काय होईल, कळलं नाही. सावरतळ्याची फेरतपासणी मंजूर, तारीख नंतर.

खाला चिडली. मग बिर्याणी केली. आज काय आहे विचारलं तर म्हणाली, "कुछ नही, गोश्त आयाच था."

२९ ऑगस्ट, मंगळवार

तनुजा पोळ्याहून परत आली. बैलांची पूजा शेडसमोर केली. व्यंकटकाकांनी सामान उचलायला घेतलं होतं. तिने प्रत वाचून दाखवली. काकांनी पुन्हा वाचायला लावली. बारा नावांत शेजारच्या तिघांची होती, त्यांनाही बोलावून घेतलं. मग काका म्हणाले, "आत न्हाई जायचं." शेडवर नवी ताडपत्री टाकली. बारक्या दोघांना ते स्वतःच्या घरी घेऊन गेले.

तिने आज पहिल्यांदा वही काढली आणि तासभर लिहीत होती. काय लिहिते ते विचारलं नाही.

४ सप्टेंबर, सोमवार

क्लासची नवी जाहिरात छापून आली. "एकशे अडुसष्टपैकी अकरा विद्यार्थी नव्वद टक्क्यांच्या वर." छापखान्याची चूक असावी म्हणून सरांना दाखवली. ते म्हणाले, "नाही, बरोबर आहे," आणि दुसरं काम काढलं.

९ सप्टेंबर, शनिवार, सावरतळा

आज फेरतपासणी. मला बोलावलं नव्हतं. खुलासा दिलेल्या माणसाने तिथे हस्तक्षेप करू नये, हे योग्यच आहे. मी पारावर बसले.

अभियंता तरुण होता, मुनीब नावाचा, माझ्यानंतरच्या तुकडीतला असावा. त्याने टेबल लावायला सांगितलं. टेबल आलं. त्याने बारा कोरे पंचनामे काढून वर दगड ठेवला आणि पहिलं नाव पुकारलं. शिवगंगाबाई पुढे आल्या, पण टेबलाजवळ थांबल्या नाहीत. सरळ आपल्या दारापाशी गेल्या, कुलूप काढलं, दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत उघडल्या आणि उंबरा ओलांडून आत जाऊन उभ्या राहिल्या. बावीस जुलैपर्यंत त्या तिथे गेल्या नव्हत्या, आणि तेवीसलाही उंबऱ्यापर्यंतच.

"या साहेब. आधी बगा, मग लिव्हा."

तो म्हणाला, तुम्ही सांगा, मी लिहितो. तनुजा म्हणाली, "तसं एकदा झालंय, सर."

तो आत गेला. चाळीस मिनिटं होता. बाहेर आला तेव्हा शर्टाची पाठ मातीने भरली होती. "राहण्यास अयोग्य" लिहिलं, पुढे माप टाकलं. अंगठ्यासाठी कागद पुढे केला. शिवगंगाबाईंनी अंगठा दिला नाही, कागद तनुजाकडे दिला. तिने पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. एके ठिकाणी थांबली, भिंत कोणती ते लिहायचं राहिलं होतं. त्याने लिहिलं. मग अंगठा झाला.

तोवर बाकीच्या अकरा घरांचे लोक पार सोडून आपापल्या दारांत जाऊन उभे राहिले होते. कोणी सांगितलं नव्हतं. दारं उघडी होती.

तो घड्याळ बघून म्हणाला, "असं केलं तर दिवसात चारच घरं होतील."

"मग चार करा," व्यंकटकाका म्हणाले. "उद्या बी हावच की आमी."

चौथं घर धुरपताबाईंचं. त्यांना वाचता येत नाही आणि ऐकूही कमी येतं. मुनीबने आतून माप ओरडून सांगितलं. बाहेर त्याच्या सहायकाने लिहिलं. दार अडवून उभ्या धुरपताबाईंनी तनुजाकडे बघितलं, तनुजाने कागदात बघून मान हलवली. मग त्या दारातून बाजूला झाल्या आणि त्याला बाहेर येऊ दिलं.